करंगळीएवढी ढील

६ जानेवारी

भाऊजी,

ह्यांची मोटरसायकल मिळाली. ट्रकवाल्यानं ती चौकात उतरवली, कागदावर सही घेतली आणि निघून गेला. तिथून दवाखान्यापर्यंत मी आणि पंपवाल्यानं ढकलत आणली. पंपवाला म्हणजे आमचा शेजारी, टाकीवर पाणी चढवायचा पंप सांभाळतो. माणूस फारसा बोलत नाही, त्यामुळे उपयोगाचा आहे.

मी बदली घेऊन इथे डोंगरात आले तेव्हापासून, दोन वर्षं, गाडी तुमच्या वर्कशॉपमागे पडून होती, आताच का मागवली, हे तुम्ही विचारलं नाहीत. तरी सांगते. दवाखान्याची जीप बंद पडून सात महिने झाले. माझ्याकडे चार वस्त्या आहेत, सगळ्यात लांबची अकरा किलोमीटरवर, आणि सगळा चढ. गेल्या महिन्यात तिथल्या एका बाळंतिणीकडे चालत गेले. पोचले तेव्हा मूल गेलेलं होतं आणि आईचे पाय गार पडायला लागले होते. आई वाचली. परत आल्या आल्या तुम्हाला कार्ड टाकलं.

गाडी चालवायला ह्यांनीच शिकवलं होतं, ते हातापायांना अजून आठवतं. मुलगी मात्र गाडीकडे बघत नाही, अंगणातून जाताना वळसा घालून जाते. तिचा राग गाडीवर नाही, चालवणाऱ्यावर आहे. माझाही आहे, तुमच्यापासून काय लपवायचं! ‘पुन्हा थेंब घेणार नाही’ हा शब्द ह्यांनी मला नव्हता दिला, तिला दिला होता. वर्ष आणि चार महिने तो पाळला, असं आम्ही दोघी धरून चाललो होतो. मग उतारावर ते झालं, आणि प्रेत घरी यायच्या आत अख्खा बाजार सांगायला लागला की वीज बोर्डाचा लाइनमन प्यालेला होता. गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, भाऊजी. त्यामुळे ते भांडण संपतच नाही.

आता कामाचं. गाडी चालू केली की डाव्या पायाखाली कुणी डब्यात खिळे हलवतंय असा आवाज येतो. वेग कमी केला की जास्तच. पंपवाला म्हणतो, ‘आतली चेन सैल आहे.’ मागच्या चाकाची नव्हे, इंजिनाकडून क्लचकडे जाते ती. ती कशी ताणायची ते लिहून पाठवा.

वहिनी


१४ जानेवारी

वहिनी,

तुमचं पत्र वर्कशॉपमध्येच फोडलं आणि पंपवाल्याचं निदान चार गिऱ्हाइकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळे पोट धरून हसले. पंप चालवणारे आता चेन ऐकायला लागले, तर आम्ही काय टाकीवर चढून पाणी सोडायचं? त्याला म्हणावं, गावात एक कानवाला पुरे आहे.

पण पठ्ठ्या बरोबर बोललाय. चेन सैल आहे. मीच ठेवली आहे, आणि मुद्दाम ठेवली आहे. सैल चेन बडबड करते. बडबड्या माणसापासून कुणाला धोका नसतो, माझ्याकडेच बघा. तशीच चालवा. झाकण मात्र उघडू नका. मधला एकच नट दिसतो, सोपं वाटतं. पण झाकण निघालं की आतलं सगळं ऑइल पायावर येतं आणि कडेची रबरी रिंग पुन्हा बसायला तयार होत नाही. फेब्रुवारीत मी स्वतः येतो आणि करून देतो.

त्यापेक्षा खरं सांगू का, ती गाडी काढूनच टाका. माझ्याकडे एका शाळामास्तरांची स्कूटर आली आहे. हलकी, शहाणी, आवाजसुद्धा मास्तरांसारखा एकसुरी. ट्रकनं पाठवून देतो. जुनं लोखंड कशाला पायात बांधून घेता?

मुलीला आशीर्वाद.

तुमचा दीर


२२ जानेवारी

भाऊजी,

मास्तरांची स्कूटर आमच्या पहिल्याच वळणावर रडत बसेल. ती त्यांनाच लखलाभ.

फेब्रुवारीत येतो असं तुम्ही गेल्या फेब्रुवारीतही लिहिलं होतं. ह्यांना पोचवून आल्या दिवसापासून तुम्ही आमच्या दारात पाऊल टाकलेलं नाही. मी बोलले नाही. ज्या भावानं धाकट्याला आईच्या मागे वाढवलं, स्वतःच्या पहिल्या पगारातून पान्यांचा संच घेऊन दिला, त्याची रिकामी खुर्ची बघवत नसेल, असं मी समजते. तुम्ही हसवता खूप, पण तुमचं मन मला ठाऊक आहे.

मात्र माझं काम थांबत नाही. काल चेन केसला, म्हणजे तिच्यावरच्या धातूच्या पेटीला, आतून आपटायला लागली, खट्, खट्. अकरा किलोमीटरवर ती तुटली तर मी काय करायचं? मी माणसाची कातडी शिवते, आणि मला तुम्ही एक झाकण उघडू नका म्हणता?

तुम्ही हे काम कसं करायचात ते मी पाहिलं आहे. इंजिन चालू, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक केसवर, मूठ कानाला, आणि दुसऱ्या हातानं खालचा बोल्ट फिरवत राहायचं, आवाज बंद होईपर्यंत. लोक बघायला उभे राहायचे. तसंच करू का?

वहिनी


२९ जानेवारी

वहिनी,

नाही. तसं करू नका. थट्टा नाही, कधीच करू नका.

लिहितो तसं अक्षरशः करा. गाडी आदल्या दिवसापासून बंद ठेवा, इंजिन थंडगार हवं. मधल्या स्टँडवर उभी करा. प्लग काढून ठेवा, म्हणजे किक हातानंसुद्धा फिरते. डावीकडचा पायठेवा काढा, खाली परात ठेवा, मधला नट सोडा आणि झाकण सरळ बाहेर ओढा. पान्यानं उचकटायचं नाही, कड चेपते. ऑइल सगळं गळू द्या.

आत दोन दातेरी चाकं दिसतील, पुढचं लहान, मागचं क्लचचं मोठं, आणि त्यांच्यावर चेन. चेनच्या खाली एक वाकडी पट्टी आहे, चेन तिच्यावर घासत जाते. त्या पट्टीखालचा बोल्ट आत घातला की पट्टी वर येते आणि चेन ताणली जाते. बोल्टवर त्याला जागीच धरून ठेवणारा एक चेकनट असतो, तो आधी सैल करायचा.

आता खरं काम. चेनच्या वरच्या बाजूला मध्यावर बोट ठेवा, वर-खाली करून बघा. मग किक थोडी फिरवा, पुन्हा बघा. असं चेनची पुरती फेरी होईपर्यंत. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. एका जागी सैल लागेल, एका जागी घट्ट. सगळ्यात घट्ट जागा सापडली की तिथे थांबा. त्या जागी तुमच्या करंगळीच्या जाडीएवढी ढील राहिली पाहिजे. कमी नको. बाकी ठिकाणी ती कितीही सैल लागो, कितीही वाजो, आपण बघायचं नाही. इंजिन तापलं की केस फुगते आणि चेन आणखी ताणली जाते, ती जागा आधीच ठेवायला लागते.

कानानं ताणली तर काय होतं? चालू इंजिनात बोलतो तो सैल भाग. तो गप्प होईपर्यंत ताणलं की घट्ट भाग तारेसारखा होतो. तो काही बोलत नाही. आवाज गेला म्हणजे दुखणं गेलं असं वाटतं आणि माणूस पाना खाली ठेवतो.

चेकनट घट्ट केल्यावर ढील पुन्हा मोजा, कारण तो आवळताना बोल्ट फिरतो. रिंग नवीन पाठवली आहे. ऑइल झाकणावरच्या खुणेपर्यंतच. सांभाळून करा.

दीर


९ फेब्रुवारी

भाऊजी,

केलं. पंपवाल्यानं झाकण धरलं. परात धरायला मुलगी आपणहून आली, हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे. तुमचं पत्र ती मोठ्यानं वाचत होती आणि आम्ही करत होतो. घट्ट जागा शोधायला अर्धा तास लागला. करंगळी कुणाची धरायची यावर वाद झाला, पंपवाल्याची करंगळी माझ्या अंगठ्याएवढी आहे. ‘पत्रात वहिनींची लिहिली आहे,’ असं सांगून मुलीनं निकाल दिला. दोन वर्षांत ती माझ्यासमोर पहिल्यांदा हसली.

आवाज आता अगदी थोडा आहे. काल लांबच्या वस्तीवर जाऊन आले.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. केसच्या आतल्या भिंतीला, क्लचच्या मागे, खोल चर पडला आहे, बरोबर चेनच्या रुंदीचा. एका जागी तर धातू सोलून वर आलेला आहे. आणि परातीतलं ऑइल फडक्यातून गाळताना तळाच्या गाळात एक तुकडा सापडला. चेनच्या कडीची बाजूची पट्टी आहे, मधोमध तुटलेली. आम्ही घाबरून चेन पुन्हा तपासली. मुलीनं एकेक कडी मोजत, बोटानं चाचपत फेरी पुरी केली. एकही तुटलेली नाही. उलट चेन अगदी नवी आहे, पट्ट्यांवर कारखान्याची अक्षरं सुद्धा पुसलेली नाहीत.

मग हा तुकडा कुठल्या चेनचा? पाकिटात घातला आहे, बघून सांगा. पंपवाल्याला विचारलं तर म्हणाला, ‘मिस्त्रींनाच विचारा.’

वहिनी


१३ फेब्रुवारी

वहिनी,

तुकडा मिळाला. फार जुना आहे. दादानं गाडी घेतली ती वापरलेलीच घेतली होती, आधीच्या मालकाच्या वेळचं काहीतरी राहिलं असेल. चरही तेव्हाचाच असणार. असलं जुन्या गाड्यांत सापडतंच, मनावर घेऊ नका.

चेन मी पाठवण्याआधी बदलली होती, सांगायचं राहून गेलं. काम छान केलंत.

घाईत आहे.

दीर


२० फेब्रुवारी

भाऊजी,

तुमची पत्रं कधी पाच ओळींची नसतात.

ह्यांनी जाण्याच्या चार महिने आधी हे झाकण घरीच काढलं होतं. आमच्या तिथल्या घराच्या मागच्या ओट्यावर. केस आतून रॉकेलनं धुतली होती, आणि जुन्या मऊ लुगड्याच्या फडक्यानं ती पुसली मी, ह्या हातांनी. आत चर नव्हता. भिंत ताटासारखी गुळगुळीत होती. गाळही नव्हता, कारण तो मीच खरवडला होता.

काल ट्रंक उघडली आणि चौकीतून मिळालेले कागद काढले. तेव्हा ते वाचायचं बळ नव्हतं, घडी करून ठेवले होते. त्यात गाडीच्या तपासणीचा कागद आहे. ‘वाहन तपासले. यंत्रात कोणताही दोष आढळला नाही.’ खाली सही तुमची. अक्षरही तुमचं. भाऊजी, तपासणारे तुम्ही होतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी माणसांची शरीरं बघते. जखम दिसली की ती कशानं झाली हे विचारणं माझं काम आहे. तुटलेली चेन क्लचमागे गोळा झाली तर काय होतं, हे मी पंपवाल्याला विचारलं. तो म्हणाला, ‘मागचं चाक जागच्या जागी अडकतं, बाई. उतारावर असेल तर माणसाला काही करता येत नाही.’

मला आता एवढंच सांगा. त्या दिवशी हे प्यालेले होते का?

वहिनी


८ मार्च

भाऊजी,

पत्राला पंधरा दिवस होऊन गेले. मुलगी रोज टपालवाल्याची वाट बघते. मी बघत नाही, असं तिला दाखवते.

वहिनी


१७ मार्च

वहिनी,

नव्हता प्यालेला. थेंबभरसुद्धा नाही. चौकीवाल्यांनी बोलावल्यावर घरच्यांपैकी उतारावर आधी मीच पोचलो. त्याचं डोकं मी मांडीवर घेतलं होतं. वास पेट्रोलचा होता आणि रक्ताचा होता, तिसरा कुठला नव्हता.

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. आधीच्या तीन पत्रांत माझी बाजू मांडली होती, म्हणून फाडली.

तो सोमवारी संध्याकाळी कामावरून थेट माझ्याकडे आला होता. चेन वाजतेय म्हणाला. चेन संपलेली होती, बदलायलाच हवी होती. नवी चेन दुकानात नव्हती. आठ दिवसांनी ये, तोवर चालवू नकोस, एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. पण बाकावर माणसं बसली होती आणि त्यांना कानवाल्याची करामत बघायची होती. मी इंजिन चालू ठेवलं, स्क्रूड्रायव्हर कानाला लावला आणि बोल्ट फिरवत गेलो. आवाज बंद झाला. माणसांनी ‘वा!’ म्हटलं. तुम्हाला जे करू नका म्हणून लिहिलं, ते सगळं मी केलं.

बुधवारी चेन तुटली.

गाडी माझ्याच वर्कशॉपात आणून टाकली, कारण गावात दुसरा मिस्त्री नाही. फौजदार म्हणाला, ‘तुम्हीच बघा आणि लिहून द्या, तुमच्याएवढं कोण जाणतं?’ मी दार लावून झाकण काढलं. चेन क्लचमागे सापासारखी वेटोळं घालून अडकली होती. ती पक्कड लावून तुकड्या-तुकड्यांनी काढली. नवी चेन मागवून घातली, सैल ठेवली, इतकी सैल की तिला कधी ताण म्हणून बसू नये. मग तो कागद लिहिला. एक तुकडा गाळात राहिला, हे मला तुमचं पाकीट फोडेपर्यंत माहीत नव्हतं.

का लिहिला? मी दहाव्या वर्षी दुसऱ्याच्या गॅरेजात रॉकेलनं सुटे भाग धूत होतो. जे काही झालो ते लोकांच्या तोंडच्या एका वाक्यावर: गाडी कानवाल्याकडे न्या. ते वाक्य गेलं की माझ्याजवळ चार भिंती आणि पाने उरतात. त्या दुपारी मी दादापेक्षा ते वाक्य जास्त सांभाळलं. आणि बाजार आधीच म्हणत होता की तो प्यालेला होता, तेव्हा माझ्या कागदानं काही नवं बिघडत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. तुमचं काय बिघडलं ते तुमचं जानेवारीतलं पत्र वाचून कळलं. तरीही मी स्कूटर घ्या म्हणून लिहिलं.

परवा चौकीत गेलो. सगळं लिहून, सही करून नेलं होतं. फौजदार आता नवा आहे. त्यानं वाचलं आणि विचारलं, ‘दोन वर्षांनी आठवलं?’

‘आठवत रोजच होतं,’ मी म्हणालो.

‘मग आता आम्ही काय करायचं? फाइल बंद आहे. मेलेला तुमचा भाऊ, चूक तुमची, तक्रार कुणाचीच नाही. घरी जा, मिस्त्री.’ कागद परत दिला आणि म्हणाला, ‘आणि जाता जाता आमच्या गाडीचा हॉर्न बघून जा.’

मी हॉर्न दुरुस्त करून आलो.

तो कागद सोबत आहे. तुम्हाला जिथे दाखवायचा असेल तिथे दाखवा. बाजारात लावा म्हणालात तर मी स्वतः वर्कशॉपच्या दारावर चिकटवतो. माफी मागत नाही. ती मागायची जागा मी दोन वर्षांपूर्वीच घालवली.

दीर


२५ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र मी आधी एकटीनं वाचलं, मग मुलीच्या हातात दिलं. तिनं दोनदा वाचलं. ‘म्हणजे दोन वर्षं आपण बाबांना उगाच...’ एवढंच म्हणाली आणि आत गेली. आधीच घासलेली भांडी पुन्हा घासत बसली. मी तिला थांबवलं नाही.

तुम्ही चूक केलीत त्याबद्दल मला फार बोलायचं नाही. चुका मीही केल्या आहेत, माझ्या हाताखालीही माणसं गेली आहेत. माझं तुमच्याशी भांडण त्या बोल्टाबद्दल नाही. ह्यांना जाळून आले त्या दिवसापासून मी रडले नाही. शब्द मोडणाऱ्या माणसासाठी रडायचं नाही, असं मी ठरवलं होतं. कपाटातले त्यांचे कपडे वाटून टाकले. फोटो उतरवला. मुलीनं शाळेच्या कागदावर वडिलांच्या नावापुढे रेघ ओढली, आणि मी ती रेघ खोडली नाही. हे सगळं होत होतं तेव्हा तुम्ही दर महिन्याला पत्रात विनोद लिहून पाठवत होतात, आणि मी म्हणत होते, बिचारा आम्हाला हसवायला धडपडतो.

कागद दारावर चिकटवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. आमच्यासाठी काही करून दाखवू नका.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघींना कळत नाही. तुम्ही लिहून दिलंत की यंत्रात दोष नाही. पिण्याबद्दल तुमच्या कागदात एक अक्षर नाही. ते आलं कुठून? डॉक्टरांच्या कागदावर ‘मद्यप्राशन’ लिहिलं आहे. मी तेव्हाच त्यांना विचारलं होतं, तपासलंत का? ते म्हणाले, तपासायचं काय, हवालदारानंच सांगितलं, सगळ्यांना माहीत आहे. मग हवालदाराला कुणी सांगितलं? वर्ष आणि चार महिने ह्यांना कुणी दारूच्या दुकानाच्या पायरीवर पाहिलं नव्हतं. आणि एका दुपारीत अख्ख्या बाजाराला माहीत झालं?

मुलीला आणखी एक आठवतं. मंगळवारी, म्हणजे आदल्या दिवशी, हे तुमच्याकडे जाऊन येतो सांगून गेले होते. परत आले ते पायरीवरच बसून राहिले. तिनं विचारलं, काय झालं बाबा? म्हणाले, काही नाही, लोकांना विसरायला वेळ लागतो.

तुमच्या पत्रात सोमवार आहे, बुधवार आहे. मंगळवार नाही.

वहिनी


३ एप्रिल

वहिनी,

मंगळवार मी लिहिला नव्हता. फाडलेल्या तीन पत्रांतही नव्हता.

दुपारी दोनच्या सुमाराला आला. बाक भरलेला होता. कापडवाला होता, शाळामास्तर होते, आणि चौकीतला तो हवालदार चहा पीत बसला होता. मी खाली बसून दुसऱ्या गाडीचं चाक काढत होतो. दादा गाडीवरून उतरलासुद्धा नाही. पाय टेकून म्हणाला, ‘अरे, गाडी जड चालतेय. उतारावरसुद्धा ओढल्यासारखी येते. केसवर हात ठेववत नाही इतकी तापलीय. जरा बघ ना.’

तो सगळी लक्षणं सांगत होता, वहिनी. एकही सोडली नव्हती. चेन घट्ट झालीय हे कळायला कानही लागत नव्हता, नुसता हात ठेवला असता तरी पुरलं असतं. गाडी माझ्यापासून चार पावलांवर होती.

पण आदल्या संध्याकाळी त्याच बाकासमोर मी ती चेन गप्प केली होती. आता त्याच माणसांसमोर उठून झाकण उघडायचं म्हणजे कानवाला चुकला असं झालं असतं. मी उठलो नाही. खालूनच मोठ्यानं म्हणालो, ‘गाडी जड झालीय की डोकं जड झालंय? दादा, परत सुरू केलीस वाटतं!’

सगळे हसले. हवालदाराला चहाचा ठसका लागला. मास्तर म्हणाले, ‘लाइनमनला करंट लागला!’ त्यावर आणखी हसले. दुसऱ्या दिवशी उतारावरून बाजारात बातमी आली तेव्हा कुणी काही रचलं नाही. सगळ्यांना माझं वाक्य आठवलं, एवढंच. सख्खा भाऊ म्हणतो म्हणजे खरंच असणार.

तो काय म्हणाला, असं मुलगी विचारेल. काही म्हणाला नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं होतं. सगळे हसत होते म्हणून तोही थोडा हसला. मग त्यानं किक मारली. दोनदा मारावी लागली. आणि गेला.